आधी रोगाचे नाव लिहा, मग औषध द्या



कपाशी लाल पडली की आपण दुकानात जातो. ज्वारीच्या पानावर तांबूस ठिपके दिसले की आपण दुकानात जातो. दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "किती एकर?" आणि बहुतेक वेळा तोच शेवटचा असतो. रोग कोणता, ठिपके खालच्या पानावर का वरच्या, पानाच्या पाठीवर भुकटी आहे का, हे तो विचारत नाही. आपणही पान बरोबर नेलेले नसते. मग फळीवरून एक पुडी बुरशीची खाली येते, एक बाटली किडीची, एक लहान पुडी जिवाणूंची, एक डबा टॉनिकचा आणि औषध पानाला चिकटावे म्हणून आणखी एक बाटली. पाचही वस्तू एकाच पंपात. पाचातली एखादी तरी लागू पडेल, एवढेच या उपचारामागचे शास्त्र. वहीत आकडा चढतो आणि कापूस विकला की तो आकडा आधी वळता होतो.

माणूस आजारी पडला आणि डॉक्टरने नाडी न बघता, "वजन किती?" एवढेच विचारून पाच सुया टोचल्या, तर गाव त्या डॉक्टरला वेशीबाहेर काढील. पिकाच्या बाबतीत हाच कारभार आपण वर्षानुवर्षे उधारीवर चालवून घेतो आहोत.

आज एकाच रोगाबद्दल बोलायचे आहे. तांबेरा. ज्वारीचा आणि कपाशीचा. हाच रोग निवडला, कारण तांबेरा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, पदवी लागत नाही, फक्त एक बोट लागते. तरीही जे जे तांबडे ते ते तांबेरा म्हणून औषध विकले जाते आणि विकत घेतले जाते. जो रोग आंधळासुद्धा बोटाने चाचपून ओळखील, त्यात जर आपली फसगत होत असेल, तर बाकीच्या रोगांत काय होत असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

बोटाला लागेल तो तांबेरा

तांबेरा ही बुरशी आहे. ज्वारीची वेगळी, गव्हाची वेगळी, भुईमुगाची वेगळी, सोयाबीनची वेगळी. गव्हाचा तांबेरा ज्वारीवर येत नाही आणि ज्वारीचा कपाशीवर जात नाही. आडनाव एक, घराणी निराळी. शेजारच्या भुईमुगावर तांबेरा आला म्हणून ज्वारीवर आगाऊ फवारणी करायला सांगणारा माणूस तुम्हाला घाबरवून माल खपवतो आहे, एवढे समजून असा.

ज्वारीवर हा रोग बहुधा खालच्या, वय झालेल्या पानांपासून सुरू होतो. आधी बारीक ठिपके दिसतात. वाणाप्रमाणे त्यांचा रंग जांभळा, लाल किंवा भुरा असतो. या अवस्थेत तो तांबेराच आहे असे कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याचे ऐकू नका, कारण ज्वारीच्या पानाला काहीही टोचले, चावले, भाजले तरी ते लाल-जांभळेच पडते. ज्वारीचा तो स्वभाव आहे. चार दिवस थांबा. तांबेरा असेल तर ठिपक्याच्या जागी बारीक फोड उठतात, पानाच्या शिरेला धरून लांबट, पानाच्या दोन्ही बाजूंना, पण पाठीवर जास्त. फोडावरचा पापुद्रा फाटतो आणि आतून विटकरी रंगाची भुकटी बाहेर पडते. पानाच्या पाठीवरून बोट फिरवा किंवा धोतराचे टोक, पदर, पांढरा कागद घासा. विटकरी डाग उमटला तर तांबेरा. नाही उमटला तर तांबेरा नाही किंवा अजून नाही. हंगाम सरत आला की तेच फोड काळपट होतात. ती बुरशीची म्हातारपणाची खूण आहे, नवा रोग नव्हे. त्या काळ्या फोडांसाठी वेगळे औषध घेऊ नका.

आता नकली तांबेरे बघू. करप्याचा डाग लांबट किंवा गोलसर असतो, मधे वाळक्या गवताच्या रंगाचा आणि कडेला लाल-जांभळा. बोटाला काही लागत नाही. करप्याच्या एका प्रकारात डाग चांगले बोटभर लांब, दोन्ही टोकांना निमुळते होतात. काजळी पट्टे नावाचा आणखी एक रोग आहे, त्यात बोटाला लागते, पण ती काजळी असते, काळी. जिवाणूंमुळे पानावर शिरेशिरेने लाल रेघा ओढल्यासारख्या दिसतात, त्यांवर भुकटी नसते. लाल कोळी पडला तर पानाच्या पाठीवर बारीक जाळी दिसते, भिंग असेल तर कोळी चालताना दिसतात, आणि पान त्या बाजूने तांबडे पडते. मावा पडून चिकटा आला की त्या गोड चिकटावर काळी बुरशी वाढते. ती पानाच्या आत शिरतच नाही, वरच राहते, ओल्या फडक्याने पुसली जाते. तिच्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे घर गळते म्हणून फरशी पुसत बसणे. मूळ मावा आहे.

तांबेरा, करपा, जिवाणू, कोळी, मावा, पाच दुखणी झाली. पाचांची औषधे पाच. काहींना औषधाची गरजच नाही. बुरशीचे औषध कोळ्याला मारीत नाही, आणि जिवाणूंसाठी दिली जाणारी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी बुरशीचे काहीही वाकडे करत नाही. तरी ती "बरोबर टाका, ताकद वाढते" म्हणून दिली जाते. ताकद कशाची वाढते ते बिलाच्या बेरजेत दिसते.

कपाशीची लाली

कपाशीच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे, आणि पैसाही मोठा जातो.

बोंडे भरायच्या दिवसांत पाने कडेकडून लाल होऊ लागतात, पुढे सगळे पान लाल होते, वाळते, गळते. त्याला आपण लाल्या म्हणतो. लाल्या म्हणजे बुरशी नव्हे, रोगजंतू नव्हे, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. झाडाला एकाच वेळी पुष्कळ बोंडे पोसायची असतात आणि मुळाकडून नत्र आणि मॅग्नेशियम पुरेसे येत नाही. मग झाड पानातले काढून बोंडाला देते. हलकी जमीन, पाण्याचा ताण, किंवा उलट पाणी साचून मुळे गुदमरणे, आणि रात्रीची थंडी पंधरा अंशाच्या खाली उतरणे, यांतले काहीही घडले की लाली लवकर चढते. तुडतुडे रस शोषतात तेव्हाही पानाच्या कडा आधी पिवळ्या आणि मग लाल होतात, पण तेव्हा पान खाली किंवा वर वळते आणि पाठीवर तिरके चालणारे हिरवे तुडतुडे सापडतात.

ही लाली बोटाला लागते का? नाही. फोड आहेत का? नाहीत. मग बुरशीनाशक कशाला? तर "लाल पडलंय ना, मग मारून टाका एकदा."

लाल्या टाळायचा असेल तर फुले-पात्यांच्या वेळी आणि बोंडे भरू लागताना दोन टक्के डीएपीची फवारणी, आणि मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का, म्हणजे दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी मारा, एकत्र कालवली की साका बसतो आणि पंपाचे नोझल तुंबते. ही खताच्या दुकानातली साधी वस्तू आहे, हिच्यावर कंपनीच्या एजंटाला सहल मिळत नाही, म्हणून ती फळीवर पुढे नसते. आणि एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. लाल झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. कोणत्याही औषधाने नाही. पाऊण शेत लाल झाल्यावर जो तुम्हाला हिरवे करून देण्याची हमी देतो, त्याच्याकडून ती हमी बिलाच्या पाठीवर लिहून मागा. लेखणी कशी थांबते ते पाहा.

कपाशीला खरा तांबेराही असतो. पाऊस लांबला, दिवस ढगाळ आणि हवा दमट राहिली की हंगामाच्या शेवटाकडे तो जुन्या पानांवर दिसतो. बारीक, जांभळट-तपकिरी ठिपके, आणि पानाच्या पाठीवर पिवळट-तपकिरी भुकटीचे फोड. इथेही परीक्षा बोटाचीच. पण तो येतो तेव्हा खालची बोंडे पक्की झालेली असतात, एक-दोन वेचण्या झालेल्या असतात. अशा वेळी पाने गेली तरी झालेल्या बोंडांचे फार बिघडत नाही. फरदडीच्या आशेने त्या पानांवर आणखी खर्च करणे म्हणजे गुलाबी बोंडअळीला डिसेंबर-जानेवारीचा मुक्काम स्वखर्चाने बांधून देणे होय. पाऊस लवकर दमट झाला आणि बोंडे हिरवी असतानाच रोग वर चढू लागला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा विचार करावा. पण विचार, घाबरगुंडी नव्हे.

औषध काय करते आणि काय करत नाही

तांबेऱ्याची भुकटी म्हणजे बुरशीचे बी. एकेका फोडातून हजारोंनी उडते, वाऱ्यावर कोसच्या कोस जाते. पानावर पडले आणि रात्रभर दव राहिले की रुजते. म्हणून थंड रात्र, जड दव आणि ढगाळ सकाळ हे तांबेऱ्याचे दिवस. कोरडे ऊन आणि वारा सुटला की तो आपोआप मंदावतो. आकाशाकडे न बघता फवारणीचा सल्ला देणारा माणूस अर्धाच सल्ला देतो.

हे बी जिवंत पानावरच वाढते. वाळलेल्या धसकटावर ते फार दिवस तग धरत नाही. उभ्या ज्वारीवर, खोडव्यावर, बांधावरच्या बरूवर त्याचा मुक्काम असतो. त्यामुळे तांबेऱ्यासाठी धसकटे जाळायला लावणे व्यर्थ आहे. रोग वाऱ्यावरून येतो म्हणून बियाण्याला औषध चोळूनही तो थांबत नाही. इथे काणीशी घोळ करू नका. काणी बियाण्याबरोबर येते. तिच्यासाठी किलोला चार ग्रॅम गंधकाची बीजप्रक्रिया केली की कणसात दाण्याऐवजी काळी पूड भरण्याचे संकट टळते. त्यासाठी लागतात मोजके रुपये आणि सगळ्या वनस्पती-रोगशास्त्रात याहून स्वस्त सौदा शोधून सापडणार नाही. पण काणीची युक्ती तांबेऱ्याला लागू नाही. (शास्त्रज्ञांनी ज्वारीच्या तांबेऱ्याचा एक अवतार बांधावरच्या आंबुशीवर शोधून काढला आहे, बाजरीच्या तांबेऱ्याचा वांग्यावर. विद्या म्हणून छान आहे. त्यासाठी आंबुशी उपटायला बाई लावू नका.)

मॅन्कोझेबसारखे औषध पानावर पातळ थर धरते आणि वरून पडलेले बी रुजू देत नाही. म्हणजे ते अंगावरचे घोंगडे आहे. भिजल्यावर पांघरून उपयोग नाही. शिफारस दहा लिटरला पंचवीस ग्रॅमची होती, पहिले ठिपके दिसताच मारायची आणि रोगाचे हवामान टिकले तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. हेक्साकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल या जातीची औषधे पानात शिरतात आणि नुकत्याच शिरलेल्या बुरशीला अडवतात. पण फुटलेला फोड मिटवणारे, वाळलेले पान जिवंत करणारे औषध जगात नाही. फवारल्यावर आठ दिवसांनी जुने फोड तसेच दिसले म्हणून "औषध लागले नाही, आता भारीचे मारा" असे जर कुणी सांगितले, तर वरची नवी पाने बघा. ती स्वच्छ असतील तर औषधाने आपले काम केले आहे.

दुसऱ्या बाजूचे दुकानदारही आहेत, त्यांनाही सोडून चालणार नाही. आंबट ताक, गोमूत्र, दहा पानांचा काढा, सगळ्या रोगांवर एकच रामबाण उपाय. खर्च कमी, हे खरे. पण रोगाचे नाव विचारायचे नाही, ही खोड तीच. बाटली विकणारा असो की शिबिर विकणारा, त्याला पहिला प्रश्न एकच विचारावा: दादा, रोग कोणता?

आणि कडब्याचे काय? ज्वारीचे निम्मे मोल कडब्यात असते हे शहरातल्या शिफारसकर्त्याच्या लक्षात राहत नाही. तांबेऱ्याने भरलेला कडबा निकस होतो, जनावर आवडीने खात नाही. पण औषध मारलेला कडबाही लगेच दावणीला टाकायचा नसतो. फवारणीनंतर किती दिवस थांबायचे, हे लेबलवर आणि आतल्या घडीपत्रकात लिहिलेले असते. त्याच लेबलवर ते औषध कोणत्या पिकासाठी मंजूर आहे तेही लिहिलेले असते. ज्वारीचे नाव त्यात नसेल तर ते तुमच्या बैलासाठी कुणी तपासलेले नाही, असा त्याचा अर्थ.

हिशेब कोण करणार?

समजा कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार क्विंटल. २०२५-२६ चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. तो मिळतो का, कुठे मिळतो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. चार क्विंटलचे झाले १४,९९६, म्हणजे पंधरा हजार धरा. समजा दोन फवारण्यांचे औषध, मजुरी, पंपाचे भाडे मिळून पंधराशे रुपये लागले. आपापल्या गावचा आकडा घाला. म्हणजे एकूण उत्पन्नाच्या दहा टक्के. फवारणीने दहा टक्क्यांहून जास्त धान्य आणि कडबा वाचला तरच ती परवडली. त्याहून कमी वाचला तर पीक वाचले आणि शेतकरी बुडाला.

शिवाय पाणी. एकराला दोनशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे तेरा-चौदा पंप. जिथे प्यायचे पाणी डोक्यावरून येते तिथे हे पाणी कोण आणते? घरातली बाई. तिची मजुरी शिफारशीच्या कुठल्याच पत्रकात धरलेली नसते.

म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याने असे बघावे. पीक पोटरीत आहे किंवा नुकते निसवते आहे, वरची तीन-चार पाने अजून स्वच्छ आहेत, दव आणि ढग हटायला तयार नाहीत आणि खालून फोड वर चढत आहेत, तर फवारणीचा विचार करावा, कारण दाणा भरतात ती वरचीच पाने. दाणे चिकातून पुढे गेले, कडक होऊ लागले, की पंप घरी ठेवावा. त्यानंतरची प्रत्येक फवारणी दुकानदाराच्या भल्यासाठी असते. बागायती प्लॉट असेल, बीजोत्पादन असेल, तर हिशेब वेगळा येईल. तो करून बघावा. करून बघणे महत्त्वाचे.

असा हिशेब मांडलेली शिफारस आपल्याला कधी मिळते का? "प्रादुर्भाव दिसताच फवारणी करावी." बस्स. किती प्रादुर्भाव, पीक कोणत्या अवस्थेत, भाव किती असताना? पगार महिन्याला ठरलेला असला की दहा टक्के म्हणजे काय ते कळत नाही.

गव्हाला मिळाले, ज्वारीला का नाही?

तांबेऱ्यावर खरा उपाय पंपात नाही, वाणात आहे. ही गोष्ट सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. चांगली ठाऊक आहे. आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आयुष्य घालवून दाखवले की गव्हाचा तांबेरा मैदानातल्या उन्हाळ्यात मरतो आणि डोंगरातून दर वर्षी वाऱ्याबरोबर नव्याने उतरतो. १९४६-४७ साली मध्य भारतात गव्हावर तांबेऱ्याची मोठी साथ आली, तेव्हा दिल्लीला घाम फुटला. तेव्हापासून गव्हाचा एकही वाण तांबेऱ्याच्या परीक्षेतून गेल्याशिवाय पुढे येत नाही. आपल्या महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यासाठी खास संशोधन केंद्र आहे. महाबळेश्वरला गहू पिकतो म्हणून नव्हे, तिथल्या हवेत तांबेरा चांगला पिकतो म्हणून. १९९९ साली युगांडात तांबेऱ्याची एक नवी जात नोंदली गेली, तर सगळ्या जगाचे गहू-शास्त्रज्ञ खडबडून उठले. चांगलेच झाले. गहू शहराच्या रेशनचा, रोगही सरकारच्या डोळ्यांत भरणारा.

त्याहून जुनी गोष्ट सिलोनची. १८६९ साली तिथे कॉफीवर तांबेरा आला. मळे गोऱ्या साहेबांचे होते. विलायतेहून मार्शल वॉर्ड नावाचा शास्त्रज्ञ बोलावला गेला. कॉफी वाचली नाही, पण मळेवाल्यांनी चहा लावला आणि ते तरले. पीक बदलायला भांडवल लागते, ते त्यांच्याकडे होते.

ज्वारी पडली गरिबाची आणि बैलाची. टंचाईत लेव्ही लावून उचलायची, मुबलक झाली की वाऱ्यावर सोडायची, हे धोरण. महाराष्ट्रात एके काळी होते त्याच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्र आज ज्वारीखाली उरले आहे. कृषि विद्यापीठांत ज्वारीवर काम होते, चांगले वाणही आले, ते नाकारायचे नाही. पण वाणाच्या पत्रकात "रोगास प्रतिकारक्षम" एवढे मोघम लिहून भागत नाही. कोणत्या रोगास? खोडमाशीस, खडखड्यास, करप्यास की तांबेऱ्यास? किती? कुठे तपासले?

होत नाही असे कुणी म्हणू नये. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूर भागात १९९४ पासून सोयाबीनवर तांबेऱ्याने थैमान घातले. तिथे कसबे डिग्रजच्या केंद्राने काम केले आणि फुले अग्रणी, फुले संगम हे तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देणारे वाण शेतकऱ्याच्या हातात आले. ज्या शेतकऱ्याने वाण बदलला त्याच्या फवारणीचा खर्च बियाण्याच्या पिशवीतच वाचला. जे कृष्णाकाठच्या सोयाबीनला जमले ते काळ्या रानातल्या कोरडवाहू ज्वारीला का जमू नये? उत्तर प्रयोगशाळेत नाही, भावात आहे. ज्या पिकाला भाव नाही त्याच्या रोगालाही भाव नाही.

"अडाणी" कोण?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. माणसाच्या उंचीची कपाशी, कोंदट हवा, एका पंपात अनेक औषधे. त्यानंतर सगळीकडून एकच सूर निघाला: शेतकरी अडाणी आहे, मात्रा पाळत नाही, हातमोजे घालत नाही, मिश्रणे करतो. मिश्रण करायला त्याला कुणी शिकवले? पाच वस्तू एकाच पिशवीत घालून कुणी दिल्या? एका कृषि सहायकाकडे किती गावे, आणि तो त्यांतल्या किती शेतांत पान उलटून बघू शकतो? सल्ला द्यायला माणूस नाही म्हणून सल्ल्याचे काम दुकानाच्या गल्ल्यावर गेले, आणि गल्ल्यावर सल्ला फुकट मिळतो, कारण त्याची किंमत बाटलीत धरलेली असते.

दुकानदाराला एकट्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. त्याला कंपनीचे टार्गेट आहे, आपल्याला त्याची उधारी आहे. बँक पीककर्ज वेळेवर देत नाही तेव्हा तोच खत-बियाणे उधार देतो. जो उधार देतो त्याला "हे नको, ते दे" म्हणायला जीभ उचलत नाही, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आपणही कमी नाही. "साधं नको, भारीचं दे" हे वाक्य आपलेच आहे. आपला माल रास्त भावाने गेला असता, हातात रोकड असती, तर आपणही दहा प्रश्न विचारले असते. रोख ग्राहकाला तोंड असते, उधारीच्या ग्राहकाला फक्त मान असते, तीही खाली घातलेली.

तरीही एक गोष्ट आज, याच हंगामात मागता येते. त्यासाठी विधानसभेत ठराव लागत नाही.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यात बुरशीनाशकेही येतात. विक्रेत्याला परवाना लागतो, बिल द्यावे लागते. वर्षानुवर्षे कायद्याबाहेर विकली गेलेली टॉनिके जैव-उत्तेजक या नावाने २०२१ साली खत नियंत्रण आदेशात आणली गेली. आणि राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. पण दाद मागायला कागद लागतो. आज आपल्या बिलावर काय असते? औषधाचे नाव, नग, रक्कम. कधी तेही नसते, सिगारेटच्या पाकिटावर आकडा असतो. औषध कशासाठी दिले हे कुठेच नसते. उद्या लाल्यावर बुरशीनाशक दिले म्हणून तक्रार केली तर तो म्हणणार, "यांनी मागितलं, मी दिलं."

म्हणून मागणी अशी: बिलावर पिकाचे नाव आणि रोगाचे किंवा किडीचे नाव लिहा. "ज्वारी – तांबेरा." "कपाशी – तुडतुडे." एका बिलावर पाच औषधे असतील तर पाच नावे लिहा. रोगाचे नाव लिहायची ज्याची तयारी नाही त्याने औषध देऊ नये. जो लिहील तो आधी पान मागेल. आणि पान मागितले की आपल्यालाही न्यावे लागेल, तेही बरे. बिल रोखीचे असो की उधारीचे, दोन्हीवर हे लिहिलेच पाहिजे. एकट्याने मागितले तर दुकानदार हसेल. गावातल्या पंधरा जणांनी एकाच आठवड्यात मागितले तर तो बिलबुकात नवा रकाना छापून घेईल.

दुसरी मागणी कृषि खात्याकडे. तांबेरा असो की दुसरा रोग, फवारणीच्या प्रत्येक शिफारशीखाली खर्चाचा आणि वाचणाऱ्या मालाचा हिशेब चालू भावाने छापा, आणि कधी फवारू नये तेही छापा. तिसरी मागणी विद्यापीठांकडे. ज्वारीच्या प्रत्येक नव्या वाणाच्या पत्रकात तांबेऱ्याचा स्वतंत्र रकाना हवा, मोघम शब्द नको.

या तिन्ही मागण्या येत्या जिल्हा बैठकीपुढे ठरावाच्या रूपाने येतील. बैठकीला येताना प्रत्येक गावातून तांबड्या पडलेल्या पानांचे नमुने आणावेत, ज्वारीचे आणि कपाशीचे. पाने वर्तमानपत्राच्या घडीत ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजतात आणि कुजून सगळी सारखीच दिसतात. पानावर शेताची जागा, पेरणीचा आठवडा आणि वाण यांची चिठ्ठी लावावी. पांढऱ्या कापडाचा तुकडा मांडवात ठेवलेला असेल. आणि गेल्या हंगामातली औषधांची बिले, फाटकी असोत की सिगारेटच्या पाकिटावरची, असतील तेवढी बरोबर घेऊन यावीत.